घराण्यातला उच्च रक्तदाब मूत्रपिंडाच्या बाजूने कसा तपासावा

‘आमच्या घरात सगळ्यांनाच बी.पी. आहे’ असे सांगून पुष्कळ लोक विषय तिथेच मिटवतात. आनुवंशिक आहे म्हणजे टळणार नाही, गोळी घेत राहायचे, यापलीकडे विचारण्यासारखे काही उरत नाही, अशी त्यामागची समजूत असते. ही समजूत मला घातक वाटते. आई-वडिलांकडून मुलांकडे जे येते त्यातला मोठा वाटा म्हणजे मीठ आणि पाणी हाताळण्याची मूत्रपिंडाची रीत, आणि ही रीत बऱ्याच अंशी साध्या तपासण्यांतून ओळखता येते. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना, विशेषतः कमी वयात, उच्च रक्तदाब जडला आहे, त्यांनी स्वतःची तपासणी कोणत्या क्रमाने करून घ्यावी आणि हाती आलेले आकडे कसे वाचावेत, हे पुढे सांगितले आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे मात्र डॉक्टरांचेच काम आहे. खालचे काहीही वाचून स्वतःहून गोळी बंद करू नये.

आधी मूत्रपिंडच का, हे समजून घ्या

निरोगी प्रौढ माणसाची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मिठात असते तेवढे सोडियम असते. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक सोडियम मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिका रक्तात परत घेतात, आणि लघवीवाटे बाहेर पडते ते साधारणपणे आपण त्या दिवशी खाल्लेल्या मिठाइतकेच. या उलाढालीचा पसारा लक्षात घेतला तर परत घेण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याने वाढणेही किती महाग पडेल ते कळते: तेवढ्याने दिवसाला सात ग्रॅम मीठ अंगात जास्तीचे राहील. मीठ राहिले की त्याच्याबरोबर पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते, दाब चढतो, आणि चढलेल्या दाबामुळे मूत्रपिंड अडलेले मीठ पुन्हा बाहेर ढकलू लागते. तोल साधला जातो, पण तो वरच्या दाबावर साधला जातो. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रक्ताभिसरणाचे जे गणिती प्रारूप मांडले, त्याच्या गाभ्याशी हाच विचार होता. दाब कायमचा चढून राहायचा असेल तर मूत्रपिंड ज्या दाबाला मिठाचा तोल साधते तो बिंदूच वर सरकलेला असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे केवळ गणित राहिले नाही. लुइस डाल या संशोधकाने मिठाने रक्तदाब चढणाऱ्या आणि न चढणाऱ्या उंदरांचे दोन वाण तयार केले होते. १९७०च्या दशकात एका वाणाचे मूत्रपिंड दुसऱ्या वाणात बसवून पाहिले, तेव्हा रक्तदाब मूत्रपिंडाच्या मागोमाग गेला: चढत्या दाबाच्या वाणाचे मूत्रपिंड बसवलेल्या उंदराचा दाब चढला, आणि उलट बदल केला तेव्हा तो उतरला. माणसाच्या बाबतीत १९८३ मध्ये सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने या सहाही जणांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. दाब नॉर्मल असलेल्या दात्यांची मूत्रपिंडे मिळाल्यावर, सरासरी साडेचार वर्षांनी तपासले तेव्हा, त्यांचा रक्तदाब औषधांशिवाय नॉर्मल होता. बाकीचे शरीर तेच, रक्तवाहिन्या त्याच, जनुकेही तीच. बदलले होते ते एक मूत्रपिंड.

सगळा दोष मूत्रपिंडाच्या पदरात घालावा असे मला म्हणायचे नाही. २०१८ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोवर रक्तदाबाशी निगडित सुमारे ९०० जागा जनुकसंचात सापडल्या होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ रक्तवाहिन्यांच्या भिंतींशी, अधिवृक्क ग्रंथींशी (मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथींशी) किंवा हृदयाशी संबंध सांगतात. एकेका जागेचा परिणाम बहुधा पाऱ्याच्या एका मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. परंतु ज्या थोड्या कुटुंबांत एकच जनुक बिघडून रक्तदाब भलताच चढतो किंवा भलताच उतरतो, ती कुटुंबे तपासली की वाट जवळजवळ दर वेळी मूत्रपिंडातल्या सोडियमपाशी येते. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने १९९० च्या दशकात आणि त्यानंतर असे एकामागून एक आजार उलगडले. दुसऱ्या बाजूने पुरावा गिटेलमन आणि बार्टर या आजारांतून मिळतो. त्यांत नलिका मीठ परत घेण्यात कमी पडतात आणि दाब खाली राहतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; हे आजार घडवणाऱ्या जनुकांची एकच प्रत बिघडलेल्या, एरवी निरोगी माणसांचाही रक्तदाब इतरांपेक्षा कमी असतो, हे २००८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घकालीन हृदयविकार-पाहणीतील कुटुंबांत दिसून आले.

वंशवृक्ष कागदावर काढा

पहिले काम दवाखान्याबाहेरचे आहे. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष एका कागदावर काढावा: आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, सख्खी आणि चुलत-मावस भावंडे. प्रत्येकाच्या नावापुढे ‘बी.पी. आहे’ एवढेच लिहून उपयोग नाही. कोणत्या वयात कळले, किती प्रकारच्या गोळ्या लागतात, पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास कोणत्या वयात, डायलिसिस किंवा मूत्रपिंडरोपण झाले का, सोनोग्राफीत मूत्रपिंडावर गाठी दिसल्या होत्या का, पोटॅशियम कमी झाले म्हणून कधी सलाइन किंवा औषध द्यावे लागले का, हे विचारावे. वयस्कर मंडळींना वर्ष आठवत नाही. अशा वेळी ‘पहिल्या बाळाच्या वेळी गोळी सुरू होती का?’ किंवा ‘नोकरीतून निवृत्त होण्याच्या आधीची गोष्ट की नंतरची?’ असे विचारले की निदानाचे वय पुष्कळदा बिनचूक सापडते. या कागदावरची सर्वांत मोलाची नोंद तीच आहे.

कागद भरला की आकृतिबंध पाहावा. बहुतेकांना पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, एक-दोन गोळ्यांनी आटोक्यात येणारा रक्तदाब असेल, तर ही अनेक जनुकांची आणि राहणीची एकत्रित देणगी समजावी. बहुसंख्य घराण्यांत चित्र असेच असते. प्रत्येक पिढीत साधारण निम्म्या भावंडांना, तेही तिशीच्या आत, रक्तदाब जडला असेल, तर एका जनुकाच्या एकाच बिघडलेल्या प्रतीने होणाऱ्या आजाराची शंका घ्यावी. आई-वडील ठणठणीत आहेत, ते एकमेकांच्या नात्यातले आहेत, आणि मुलांपैकी एक-दोघांना बालपणीच दाब चढला, तर दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारा आजार असू शकतो.

आणखी एक रकाना जरूर ठेवावा तो जन्माच्या वजनाचा. प्रत्येक मूत्रपिंडात गाळण्याचे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, सरासरी दहा लाखांच्या घरात असतात असे सांगतात. प्रत्यक्षात माणसामाणसांत ही संख्या अनेक पटींनी वेगळी असते, आणि जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. २००३ मध्ये अपघातात मृत्यू पावलेल्या माणसांच्या मूत्रपिंडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उच्च रक्तदाब असलेल्या दहा जणांचे नेफ्रॉन, त्यांच्याशी जुळत्या दहा निरोगी माणसांच्या तुलनेत, निम्म्याच्या आसपास भरले. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही पुंजी मुळातच कमी असण्याचा संभव असतो. म्हणजे आई आणि मूल दोघांनाही रक्तदाब असला, तरी त्यातला काही वाटा जनुकांचा नसून गर्भाशयात मिळालेल्या पोषणाचा असू शकतो.

दाब नीट मोजा

घरच्या यंत्रावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, असे एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर तो उच्च रक्तदाब समजतात. दवाखान्यात मोजलेल्या आकड्यांसाठी हीच सीमा १४०/९० आहे. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

अहवालात आधी पोटॅशियम पाहा

पहिल्या फेरीत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते ते एक टाकाऊ द्रव्य), सोडियम आणि पोटॅशियम, लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी एवढ्या तपासण्या पुरतात. क्रिएटिनिनवर बहुतेकांची नजर आधी जाते, पण ते उशिरा बोलते. गाळण्याची क्षमता निम्म्याने घटेपर्यंतही ते नॉर्मलच्या चौकटीत राहू शकते. म्हणून अहवालात त्याच्याबरोबर दिलेला गाळण्याच्या वेगाचा अंदाज (eGFR) पाहावा; तो ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर मूत्रपिंडविकार समजतात. लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा जास्त, तेही पुन्हा तपासल्यावर जास्तच आले, तर गाळणीला इजा होत आहे. सोनोग्राफीत मूत्रपिंडे मोठी आणि पाण्याच्या गाठींनी भरलेली दिसली तर बहुगाठी मूत्रपिंडविकाराचा विचार करावा लागतो. यात पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ हे जनुक बिघडलेले असते, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि रक्तदाब बहुधा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी चढतो. घराण्यात हा आजार असलेल्या १५ ते ३९ वर्षांच्या व्यक्तीत दोन्ही मूत्रपिंडे मिळून तीन गाठी दिसल्या तरी निदान होते.

आता पोटॅशियम. त्याची नेहमीची मर्यादा ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असते, आणि आनुवंशिक रक्तदाबाच्या बाबतीत या एका स्वस्त आकड्याइतके बोलके दुसरे काही मला ठाऊक नाही. कारण नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम परत घेण्याचा व्यवहार पोटॅशियम देऊन होतो. तिथे सोडियमची ओढ वाढली की पोटॅशियम लघवीतून वाहून जाते. नमुना देताना मूठ आवळू-सोडू नये, आणि नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या असल्याचा शेरा असेल तर तपासणी पुन्हा करावी. दोन्ही कारणांनी पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते आणि खरी कमतरता झाकली जाते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तेही तपासणीच्या कागदावर लिहावे, कारण त्या गोळीनेही पोटॅशियम उतरते.

समजा, २४ वर्षांच्या एका व्यक्तीचा रक्तदाब १७०/१०५ आहे, वडिलांना आणि आत्याला तिशीच्या आत तोच त्रास सुरू झाला होता, आणि लघवीची कोणतीही गोळी चालू नसताना पोटॅशियम ३.० आले आहे. अशा वेळी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही दुसऱ्या फेरीची तपासणी मागावी. रेनिन हे मूत्रपिंडातून स्रवणारे, दाब कमी पडत असल्याची वर्दी देणारे द्रव्य आहे. टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी ते १८९८ मध्येच शोधले होते. अल्डोस्टेरॉन अधिवृक्क ग्रंथीतून येते आणि नलिकेला सोडियम ओढायला लावते. नमुना सकाळी, उठून दोनेक तास हिंडल्या-फिरल्यावर, थोडा वेळ बसून देतात. रक्तदाबाची अनेक औषधे हे दोन्ही आकडे बदलतात, म्हणून कोणती औषधे किती दिवस आधी बदलायची ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

उत्तर तीन तऱ्हांचे येऊ शकते. रेनिन दबलेले आणि अल्डोस्टेरॉन चढलेले असेल, तर ग्रंथी मूत्रपिंडाच्या सांगण्याशिवाय आपल्या मनाने काम करत आहे. हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही आणि बहुधा आनुवंशिकही नसतो. पण घराण्यात कमी वयात मेंदूत रक्तस्राव झाल्याची नोंद वंशवृक्षात असेल, तर दोन शेजारची जनुके एकमेकांत जुळून झालेल्या एका खास प्रकाराचा विचार व्हायला हवा. त्याचे कारण १९९२ मध्ये उलगडले, आणि त्यावर अल्प मात्रेतले स्टिरॉइड लागू पडते. या प्रकारात पोटॅशियम अनेकदा नॉर्मल असते, म्हणून वंशवृक्षाला इथे आकड्यापेक्षा अधिक वजन द्यावे. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही चढलेले असतील, तर मूत्रपिंडाला रक्त कमी मिळत आहे, म्हणजे त्याची धमनी अरुंद झाली आहे का, हे पाहावे लागते.

दोन्ही दबलेले असतील, आणि तरीही पोटॅशियम कमी असेल, तर प्रकरण खुद्द नलिकेतच आहे. लिडल आजार याचे ठळक उदाहरण आहे. नलिकेच्या शेवटच्या टप्प्यातील पेशींच्या दर्शनी बाजूवर सोडियम आत घेणारी प्रथिनांची दारे असतात. काम झालेले दार ओळखून पेशी ते आत ओढते आणि मोडीत काढते. ओळखण्याची खूण दाराच्या शेपटाकडच्या टोकावर असते. लिडल आजारात जनुक बिघडल्यामुळे ही खूणच गहाळ होते. दारे मोडीत निघत नाहीत, पृष्ठभागावर साचत जातात आणि रात्रंदिवस उघडी राहतात. ग्रँट लिडल या डॉक्टरांनी हा आजार असलेल्या एका कुटुंबाचे वर्णन १९६३ मध्ये केले आणि जनुकातला दोष १९९४ मध्ये सापडला. त्या कुटुंबातील मूळ रुग्णाचे मूत्रपिंड पुढे निकामी झाल्याने १९८९ मध्ये रोपण करावे लागले, आणि नव्या मूत्रपिंडाबरोबर रक्तदाब आणि पोटॅशियम या दोन्ही तक्रारी गेल्या. उपचाराच्या दृष्टीने हे निदान फार मोलाचे आहे: अल्डोस्टेरॉन अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन इथे काहीच करत नाही, तर दारच बंद करणारे अमिलोराइड नेमके काम करते. वर्षानुवर्षे चार-चार गोळ्या घेऊनही न उतरणारा दाब योग्य अशा एका गोळीने खाली येतो, तेव्हा निदानाला उशीर झाल्याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

दोन्ही दबलेले असण्याचे दुसरे कारण म्हणजे कॉर्टिसॉल या अधिवृक्क ग्रंथीतल्याच दुसऱ्या संप्रेरकाला निष्प्रभ करणाऱ्या मूत्रपिंडातील विकराची (एन्झाइमची) उणीव. कॉर्टिसॉल मग अल्डोस्टेरॉनच्या जागी बसून तेच काम करू लागते. हा आजार दोन्ही प्रती बिघडल्यावर आणि बालपणीच दिसतो. ज्येष्ठमधातील एक द्रव्य हाच विकर अडवते, तेव्हा जनुकांचा शोध घेण्यापूर्वी ज्येष्ठमधाचे काढे किंवा चूर्ण नियमित चालू आहे का, हे विचारायला विसरू नये.

याच्या उलट चित्र गॉर्डन आजारात दिसते: रक्तदाब जास्त, गाळण्याची क्षमता उत्तम, आणि पोटॅशियम मात्र चढलेले. यात डब्ल्यूएनके-१ किंवा डब्ल्यूएनके-४ या जनुकांतील दोष २००१ मध्ये सापडले, पुढे २०१२ मध्ये आणखी दोन जनुकांची भर पडली, आणि थायाझाइड गटातील लघवीच्या गोळीने दाब आणि पोटॅशियम दोन्ही ताळ्यावर येतात. चांगल्या मूत्रपिंडाच्या तरुण माणसात पोटॅशियम वारंवार ५.५ च्या वर येत असेल तर ‘नमुना बिघडला असेल’ म्हणून प्रत्येक वेळी सोडून देऊ नये.

आपले मूत्रपिंड मिठाला कसे वागवते ते पाहा

बहुसंख्य वाचकांच्या बाबतीत वरचे सगळे अहवाल नॉर्मल येतील, कारण एका जनुकाचे आजार विरळा असतात. म्हणून वारशाचा प्रश्न सुटला असे नाही. यूरोमोड्युलिन हे लघवीत सर्वाधिक असणारे प्रथिन घ्या. ते ज्या जनुकापासून बनते त्याचा एक प्रकार समाजात सर्रास आढळतो. त्यामुळे नलिकेच्या एका टप्प्यात सोडियम किंचित जास्त ओढले जाते आणि रक्तदाब थोडा वर राहतो. असे अनेक बारीक कल एका माणसात जमले की तो मिठाला संवेदनशील ठरतो. हे पाहण्याचा मार्ग जनुकतपासणीपेक्षा सोपा आहे.

चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातील सोडियम मोजून घ्यावे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी आणि वेळ लिहावी; त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या पहिल्या लघवीसह, एकाच भांड्यात साठवावी. एकदा जरी चुकली तरी हिशेब चुकतो. सुमारे १७ मिलिमोल सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. आकडा २०० आला तर दिवसाला जवळजवळ बारा ग्रॅम मीठ पोटात जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमच्या आतली, म्हणजे सुमारे ८५ मिलिमोल आहे. मग चार आठवडे मीठ निश्चयाने कमी करून, चोवीस तासांची लघवी पुन्हा तपासावी आणि आठवडाभराचा रक्तदाब पहिल्याशी ताडून पाहावा. सोडियम खरोखरच उतरले आणि वरचा आकडाही स्पष्ट उतरला, तर आपल्या घराण्याची खोड मिठाची असण्याचा संभव मोठा. सोडियम उतरलेच नसेल तर प्रयोग झालाच नाही, असे समजून तो पुन्हा करावा. सोडियमऐवजी पोटॅशियम असलेले पर्यायी मीठ मात्र मूत्रपिंड दुर्बल असणाऱ्यांनी, पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा गॉर्डन आजाराची शंका असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

जनुकतपासणी कधी मागावी

तिशीच्या आत सुरू झालेला तीव्र रक्तदाब, पोटॅशियममधला न उलगडणारा बिघाड, पिढ्यान्‌पिढ्यांचा स्पष्ट आकृतिबंध, किंवा गाठींचे मूत्रपिंड, यांपैकी काही असेल तर मूत्रपिंडविकारतज्ज्ञांमार्फत निवडक जनुकांची तपासणी करणे सार्थ ठरते. पन्नाशीत सुरू झालेल्या सौम्य रक्तदाबासाठी शेकडो जागांची बेरीज करून दिलेल्या जोखमीच्या गुणांवर पैसे घालवण्याची गरज मला दिसत नाही. त्या गुणांनी आजचा उपचार बदलत नाही. अहवालात ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असा शेरा असेल तर तो निदान म्हणून नातेवाइकांना सांगू नये.

दोष निश्चित सापडला, तर पहिल्या पायरीच्या नातेवाइकांना, म्हणजे आई-वडील, भावंडे आणि मुले यांना, तोच एक बदल शोधणारी तपासणी सुचवावी. ज्यांना ती नको असेल त्यांनी निदान रक्तदाब आणि पोटॅशियम दरवर्षी पाहावे. मुलांचा रक्तदाब प्रौढांच्या आकड्यांशी न ताडता वय आणि उंचीनुसार तपासायचा असतो, आणि अशा घरातल्या मुलांचा तो तीन वर्षांपासून पुढे दरवर्षी बालरोगतज्ज्ञांकडून मोजून घ्यावा. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने वंशवृक्षाचा कागद आधीच डॉक्टरांना दाखवावा, कारण अल्डोस्टेरॉन ज्या ग्राहीवर (पेशीतल्या रिसेप्टरवर) काम करते त्याच्या एका दुर्मीळ दोषात गर्भारपणातच दाब उसळतो, आणि मूत्रपिंड राखण्यासाठी एरवी आवर्जून दिली जाणारी एन्झाइमरोधक (एसीई इन्हिबिटर) व अँजिओटेन्सिनरोधक (एआरबी) औषधे गर्भाला अपायकारक असल्यामुळे ती वेळीच बदलावी लागतात.